हाड सोडलेल्यांचा वंश

शार्कचा इतिहास बहुतेक ठिकाणी दातांतूनच सांगितला जातो. संग्रहालयात जा, जाडजूड पुस्तक उघडा, माहितीपट लावा, आधी मेगालोडॉन या नष्ट झालेल्या प्रचंड शार्कचा तळहात झाकणारा दात पुढे येतो. मग त्या दातावरून बेतलेला जबडा, आणि त्या जबड्यात उभं राहून फोटो काढून घेणारी माणसं. या थाटाचा मला कंटाळा आलाय. शार्कच्याच गोतावळ्यात एक चपटी मंडळी आहेत, तळाशी वाळू अंगावर ओढून पडून राहणारी. त्यांच्याकडे कुणी जबड्यासाठी वळून बघत नाही. माझं मन मात्र गेली काही वर्षं त्यांच्यातच अडकलं आहे. या मंडळींना स्केट म्हणतात.

स्केट आणि पाकट शेजारी ठेवले तर पहिल्या नजरेत गोंधळ होतो. दोघंही चपटे, दोघांचेही छातीकडचे पर इतके पसरलेले की डोकं, धड आणि पर यांतला भेदच उरत नाही. तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला, डोळे पाठीवर, आणि डोळ्यांच्या मागे पाणी आत ओढायची दोन भोकं. ज्याचं तोंड वाळूत खुपसलेलं असतं त्याला तोंडाने पाणी आत घेणं परवडत नाही, म्हणून ही सोय. फरक शेपटीत आणि संसारात आहे. पाकटाच्या बारीक शेपटीवर विषारी काटा असतो आणि मादी पिल्लांना जन्म देते. स्केटची शेपटी जाडसर, तिच्यावर खरखरीत काट्यांच्या ओळी, विष नाही. शेपटीच्या आत मात्र अगदी मंद वीज निर्माण करणारं इंद्रिय असतं. आणि स्केटची मादी अंडी घालते: चामड्यासारख्या चिवट, चौकोनी कोषात, ज्याच्या चारही कोपऱ्यांना शिंगं असतात.

हाडाऐवजी कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असतो तशा लवचिक पदार्थाचा, सांगाडा असलेल्या माशांच्या आज बाराशेहून अधिक प्रजाती माहीत आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक शार्क नाहीत, ते असे चपटे मासे आहेत. आणि चपट्यांमध्ये सर्वांत मोठं कुटुंब स्केटचं, तीनशेच्या आसपास प्रजातींचं. म्हणजे संख्येच्या हिशेबाने बघायचं तर हे कुटुंब मध्यभागी ठेवून बाकीच्यांची गोष्ट सांगायला हवी. तसं कुणी करत नाही.

लेबनॉनच्या डोंगरांत हाकेल आणि हजूला या गावांजवळ चुनखडीचे पातळ थर आहेत, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतून निघालेल्या सायक्लोबॅटिस नावाच्या लहानशा चपट्या माशाचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ ते मोठं करून बघत बसले. जवळजवळ गोल शरीर. मधोमध कवटी, तिच्यापासून निघून काठापर्यंत गेलेल्या परांच्या बारीक काड्या, एकही हललेली नाही. या प्राण्याच्या अंगात हाड म्हणावं असं काही नव्हतं, तरी सगळं जागच्या जागी. या भागातले असे दगड लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहेत. तेराव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाच्या काळात सिदोनला होता, तेव्हा त्याच्यापुढे पापुद्रे सुटणारा एक दगड आणला गेला. पापुद्रा उचलला तर आत मासा! राजाचा चरित्रकार झ्वँव्हिल याने हे लिहून ठेवलं आहे.

असे अखंड जीवाश्म इतके दुर्मीळ का, हे कळलं की त्यांची किंमत कळते. कूर्चा मऊ असते. मासा मेला की महिन्याभरात ती कुजून, विरून जाते. शार्क आणि पाकटांच्या कूर्चेवर मात्र एक खास थर असतो. कॅल्शियमच्या खनिजाचे मिलिमीटरहूनही लहान तुकडे एकमेकांना खेटून बसलेले, नक्षीच्या फरशीसारखे, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये लवचिक धागे. त्यामुळे सांगाडा हलकाही राहतो, वाकतोही आणि वेळप्रसंगी ताणही सोसतो. जीवाश्मात टिकते ती ही फरशी, तीही फार क्वचित. त्यासाठी मासा अशा तळावर पडायला हवा जिथे प्राणवायू जवळपास नाही, खेकडे आणि किडे फिरकत नाहीत, आणि वरून गाळ अगदी हळुवार बसत राहतो. एरवी मागे उरतात दात, पाठीवरचे काटे आणि खवले. दातांवर टिकाऊ फ्लोरिनयुक्त खनिजाचा लेप असतो, आणि शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो. जगातल्या कितीतरी प्राचीन कूर्चामाशांना आपण त्यांच्या दातांपलीकडे ओळखतच नाही. दात बघून माणूस ओळखायचा म्हटलं तर किती ओळखता येईल?

खुद्द ते दात दातच आहेत, हे पटायलाही शतकं लागली. युरोपात त्यांना जिभेचे दगड म्हणत. प्राचीन रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलं होतं की चंद्रग्रहणाच्या वेळी ते आकाशातून पडतात. माल्टामध्ये संत पॉलने सापांना दिलेल्या शापाशी त्यांचा संबंध जोडला गेला होता, आणि विषावर उतारा म्हणून ते अंगावर बाळगत, प्याल्यात बुडवत. फाबिओ कोलोनाने १६१६ मध्येच हे शार्कचे दात आहेत असं छापलं होतं, पण मान मिळाला तो निकोलाउस स्टेनोला. १६६६ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने त्याचं डोकं फ्लॉरेन्सला मागवलं आणि दरबारातल्या या डेन शरीरशास्त्रज्ञापुढे ठेवलं. पुढच्या वर्षी स्टेनोने त्या विच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याला नुसतं दातांचं साम्य दाखवून थांबायचं नव्हतं. घन पदार्थाच्या आत दुसरा घन पदार्थ कसा पोहोचतो, हा प्रश्न त्याने धरून ठेवला, आणि १६६९ च्या पुस्तकात त्यातूनच खडकांच्या थरांचा नियम मांडला: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूविज्ञान या विषयाच्या पायाशी एका शार्कचं कापलेलं डोकं आहे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. कूर्चामाशांबद्दल एक समज फार खोल रुजलेला आहे. तो असा की हे प्राणी हाड तयार होण्याच्या आधीच्या पायरीवर थांबले. आधी बिनजबड्याचे, मग कूर्चेचे, मग हाडांचे, आणि शिडीच्या टोकाला अर्थातच आपण. या शिडीला गर्भविज्ञानाचा आधारही मिळाला, कारण आपली बरीचशी हाडं गर्भात आधी कूर्चेचीच असतात आणि नंतर हाडात बदलतात. मग शार्क म्हणजे वाढता वाढता राहिलेला प्राणी, असं म्हणणं सोपं झालं. 'जिवंत जीवाश्म' हे बिरुद त्यातूनच चिकटलं. मला ते शब्द ऐकले की चीड येते.

दगड वेगळं सांगतात. शार्कच्या कितीतरी आधी समुद्रात बिनजबड्याचे मासे हाडांची ढाल घालून फिरत होते, आणि जबडा असलेले पहिले मोठे मासे, ज्यांना प्लॅकोडर्म म्हणतात, तेही हाडाच्या चिलखतात होते. तरीही एक वाद उरत होता. चिलखत कातडीत तयार होतं. आतल्या सांगाड्याचं काय? २०१३ मध्ये चीनच्या युनान प्रांतातून एन्टेलोग्नॅथस पुढे आला, सुमारे ४१ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. शरीर चिलखती माशाचं, पण जबड्याच्या कडेला आपल्या जबड्यात असतात तशी हाडं. म्हणजे ती हाडं जुनी होती, आणि शार्कच्या वंशाने ती नंतर टाकून दिली. २०२० मध्ये मंगोलियातल्या मिन्जिनिया या चिलखती माशाच्या कवटीत, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या, आतलं सच्छिद्र हाडही दिसलं. यावर शेवटचा शब्द अजून बोलला गेलेला नाही, पण कल स्पष्ट आहे. शार्कच्या पूर्वजांकडे हाड होतं. त्यांनी ते सोडलं. कूर्चा हाडाच्या साधारण निम्म्या घनतेची असते, आणि या माशांना पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवीही नसते, तेव्हा वजन कमी करणं हा व्यवहार वाईट नव्हता. मात्र कारण हेच, असं छातीठोकपणे म्हणायला मी धजणार नाही.

या वंशाची सुरुवात शोधायला मागे गेलं की शार्क दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी काट्यांचे मासे दिसू लागतात. अकॅन्थोडियन नावाचे हे छोटे मासे, प्रत्येक परापुढे एक काटा उभारलेले, अनेक दशकं वर्गीकरणाच्या अडगळीत पडून होते. त्यांना हाडांच्या माशांकडे ढकलावं की आणखी कुठे, हे कुणाला ठरवता येईना. आता ते कूर्चामाशांच्याच मुळाशी बसवले गेले आहेत. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधला डोलिओडस याला साक्ष आहे. त्याचे सुटे दात शंभराहून अधिक वर्षं ओळखीचे होते. २००३ मध्ये सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा त्याचा जोडलेला सांगाडा प्रसिद्ध झाला, आणि शार्कसारखे दात असलेल्या या प्राण्याच्या छातीकडच्या परांपुढे चक्क काटे होते. चीनच्या ग्विझू प्रांतातल्या चियानोडसचे दातांचे वेटोळे याहूनही जुने, ४३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे. २०२२ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा दातांचा इतिहास एका झटक्यात मागे सरकला. हो, पुन्हा दातच. सुटका नाही.

पुढचा काळ नुसता उधाणाचा. अमेरिकेतल्या ओहायोच्या शेल नावाच्या काळ्या, थरांच्या खडकातला क्लॅडोसेलॅके, ज्याच्या स्नायूंचे ठसेही उरले आहेत. मोन्टानातल्या सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीतला फॅल्केटस, ज्याच्या नराच्या डोक्यावरून पुढे वाकलेला एक काटा असे. दगडाच्या एका पाटीवर नर-मादी एकत्र आहेत आणि मादीने तो काटा तोंडात धरलेला दिसतो. आणि हेलिकोप्रिऑन. या रशियन नमुन्याचं वर्णन अलेक्झांडर कार्पिन्स्कीने १८९९ मध्ये केलं: दातांची एक चक्री, आतून बाहेर मोठी होत जाणारी, बाकी काही नाही. ही चक्री नाकावर, पाठीवर, शेपटीवर, कुठे कुठे म्हणून चिकटवून पाहिली गेली. २०१३ मध्ये आयडाहोतल्या एका नमुन्याचं सीटी स्कॅन केल्यावर ती खालच्या जबड्याच्या मध्यावर बसलेली आढळली, आणि मालक शार्क नव्हताच. तो कायमेरा नावाच्या, आज खोल पाण्यात उरलेल्या, शार्कपासून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखेच्या बाजूचा होता. या चक्रीवर लिहायला लागलं तर हा लेख तिचाच होईल, म्हणून इथेच सोडते.

चपटेपणाकडे वळू. मला स्केटच्या इतिहासात सर्वांत जास्त मोह याचा आहे की त्यांचा आकार त्यांचा एकट्यांचा नाही. जर्मनीतल्या हुन्सऱ्युक स्लेटमध्ये सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जेमुंडिना आहे. पसरलेले पर, वर बघणारे डोळे, बारीक शेपूट. कुणालाही पाकट वाटेल. पण तो चिलखती माशांपैकी, पाकटांच्या वंशाशी त्याचा थेट संबंध नाही. त्यानंतर सुमारे चौदा कोटी वर्षांनी, पर्मियन काळाच्या उत्तरार्धात, त्याच देशातल्या तांब्याच्या शेलमध्ये जनासा दिसतो. तोही चपटा, तोही तळावरचं कवचधारी खाणारा, आणि तो कायमेराच्या बाजूचा. एंजल शार्क चपटे झाले ते आणखी वेगळ्या वाटेने. समुद्राच्या तळावर शिकार करायची आणि तिथेच लपायचं, ही गरज आली की निरनिराळे वंश पुन्हा पुन्हा याच आकाराकडे येतात. स्केट आणि पाकट हे या रांगेत उशिरा आलेले.

उशिरा म्हणजे किती? जर्मनीतल्या ग्रिमेनजवळचे काही छोटे दात, सुमारे साडेअठरा कोटी वर्षांपूर्वीचे, चपट्या शाखेचे सर्वांत जुने पुरावे मानले जातात. पूर्ण शरीरं मिळतात ती त्याहून साडेतीन कोटी वर्षांनी, ज्युरासिकच्या शेवटाकडे, जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या आणि फ्रान्समधल्या सेरिनच्या चुनखडीत. तीही आजच्या गिटारफिशसारखी, पुढे चपटी आणि मागे शार्कसारखी जाड शेपूट असलेली. त्यामुळे गोष्ट सरळ वाटली: काही शार्क हळूहळू चपटे झाले आणि त्यांचे पाकट झाले. १९९० च्या दशकात शरीररचनेच्या बारीक तुलनेतूनही हेच निघालं, की पाकट म्हणजे एंजल शार्क आणि करवतीसारखं नाक असलेल्या सॉ शार्कच्या जवळचे, शार्कच्याच झाडाची एक फांदी. मग जनुकांचे पुरावे आले आणि ही फांदी तुटली. पाकट-स्केटांचा वंश सगळ्या शार्कपासून आधीच वेगळा झाला होता. आज जिवंत असलेला प्रत्येक शार्क एकीकडे, आणि प्रत्येक चपटा दुसरीकडे. शार्क हे स्केटचे आजोबा नाहीत, चुलते आहेत. तसं असेल तर चपट्यांचा वंश ज्युरासिकच्या बराच आधी सुरू झालेला असणार, आणि त्या पहिल्या काळातलं जवळपास काहीच आपल्या हाती नाही.

लेबनॉनच्या समुद्रात पोहोचेपर्यंत मात्र चपट्यांची जत्रा भरलेली आहे. गिटारफिशसारखे आहेत. स्क्लेरोऱ्हिंकस आहे, ज्याच्या नाकाला दोन्ही बाजूंनी दात असलेली लांब करवत. बघताक्षणी वाटतं की हा आजच्या सॉफिशचा, म्हणजे करवत-माशाचा पूर्वज. नाही. त्याच्या करवतीचे दात वेगळ्या तऱ्हेने बसलेले आणि बदलले जाणारे होते, आणि अलीकडच्या अभ्यासांत तो स्केटच्या जवळ जाऊन बसतो. सॉफिशची करवत वेगळी, सॉ शार्कची त्याहून वेगळी. करवतही या वंशांनी निदान तीनदा घडवली.

आणि तो गोल सायक्लोबॅटिस? त्याला आधी विजेच्या पाकटांकडे, मग काटेवाल्या पाकटांकडे, आणि शेवटी स्केटकडे नेण्यात आलं. लेबनॉनच्याच थरांतून नि:संशय स्केटसारखे इतरही जीवाश्म आले आहेत, आणि या कुटुंबाची जगातली सर्वांत जुनी ओळखता येणारी शरीरं तीच. त्यांच्यात आजच्या स्केटची खूण स्पष्ट दिसते: छातीच्या पराला आधार देणारी पुढची कूर्चा डोक्याच्या बाजूने नाकापर्यंत वाढत गेलेली, आणि शेपटीवर काटे. पूर्ण शरीर मिळालं तर इतकं कळतं. नाही मिळालं तर काय होतं याचा नमुना टायकोडस. खोबणीदार, गोटीसारखे दात, क्रेटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या, थरांत जगभर सापडणारे, एकोणिसाव्या शतकातला जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई अगासी याच्या काळापासून नाव मिळालेले. दातांच्या पाट्या बघून अनेकांनी तो पाकटांसारखा तळाशी शिंपले फोडत बसलेला रंगवला. २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या व्हायेसियोच्या चुनखडीतून त्याचं संपूर्ण शरीर प्रसिद्ध झालं. तो वेगाने पोहणारा शार्क होता, ग्रेट व्हाइट ज्या गणात येतो त्या गणातला. जवळजवळ दोनशे वर्षांचं चित्र एका पाटीने पुसून टाकलं.

अंड्यांची गोष्ट मला दातांपेक्षाही आवडते. १८२८ मध्ये फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ आदोल्फ ब्राँनियार याने पॅलिऑक्सिरिस नावाची एक जीवाश्म वनस्पती नोंदवली: पीळ असलेली, दोन्ही टोकांना निमुळती. पुढे बऱ्याच काळाने पटलं की ते हायबोडॉन्ट नावाच्या नष्ट झालेल्या शार्कसदृश माशांचे अंड्यांचे कोष आहेत. फायोलिया नावाचा दुसरा प्रकारही असाच आधी वनस्पतींच्या कपाटात गेला. किर्गिझस्तानात मादिगेन इथे ट्रायासिक काळातल्या एका सरोवराच्या गाळात असे कोष आणि त्यांच्याबरोबर पिल्लांचे चिमुकले दात सापडले आहेत. उथळ, गोड पाण्यात ही मंडळी अंडी ठेवायला येत असत. आईने पिल्लाला पुन्हा कधीच बघायचं नाही, पण जागा मात्र विचारपूर्वक निवडायची. ही रीत आजच्या स्केटमध्येही आहे. पॅसिफिकमध्ये गॅलापागोसजवळ खोल तळावर गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे एका पांढऱ्या स्केटच्या अंड्यांचे दीडशेहून जास्त कोष आढळल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यांतले बहुतेक आसपासच्या पाण्यापेक्षा किंचित उबदार जागी होते. खोल, थंड पाण्यात स्केटचं पिल्लू कोषात वर्षानुवर्षं राहू शकतं. अलास्का स्केटच्या बाबतीत सुमारे साडेतीन वर्षं. त्या थंडीत अंशभर ऊबही मोलाची.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तेव्हा डायनासोर गेले आणि शार्क वाचले, असं आपण सहज म्हणून जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या मोजणीनुसार शार्क-पाकटांच्या ६२ टक्के प्रजाती त्या वेळी नष्ट झाल्या, आणि पाकटांच्या बाजूला घाव शार्कपेक्षा जास्त खोल होता. कवचधारी फोडून खाणाऱ्यांचं विशेष नुकसान झालं. वाचलेल्यांनी मग हात-पाय पसरले. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वायोमिंगमधल्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यात हेलिओबॅटिस नावाचे पाकट आरामात राहत होते. इतके सुंदर जीवाश्म की दागिन्यासारखे विकले जातात, आणि ते बघून मला आनंद आणि राग एकदमच येतो. स्केट त्या तळ्यात गेले नाहीत. ते थंड आणि खोल पाण्याकडे सरकले, जिथे बाकीच्या चपट्यांना फारसा रस नव्हता. आज त्यांचं सर्वांत मोठं कुटुंब असण्यामागे ही सवय असावी असं मला वाटतं. उत्तर समुद्राभोवतीच्या लाखो वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांच्या थरांत त्यांचे काटे, बटणासारख्या जाड बुडाचे, हाताने वेचता येतात.

गंमत अशी की स्केटच्या प्राचीनतेबद्दल सर्वांत जास्त सध्या सांगतात ते जिवंत स्केटच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा लिटल स्केट प्रयोगशाळांत आता ओळखीचा झाला आहे. हा मासा तळावर पोटाकडच्या छोट्या परांनी डावं-उजवं करत चालतो. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की ही चाल घडवणाऱ्या त्याच्या मज्जारज्जूतल्या पेशी आणि त्यांना दिशा देणारी जनुकं उंदराच्या पायांमागच्या जनुकांशी जुळतात. याचा अर्थ चालण्याची मांडणी जमिनीवर यायच्या आधीची, आपल्या आणि स्केटच्या सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या समाईक पूर्वजाइतकी जुनी असू शकते. २०२३ मध्ये त्याच माशाचा जीनोम वाचला गेला आणि पर डोक्यापर्यंत कसा पसरला याचं उत्तर मिळू लागलं. नवी जनुकं जन्माला आली नव्हती. जुन्याच जनुकांची गुणसूत्रातली घडी बदलली, त्यांना चालू-बंद करणारे तुकडे वेगळ्या शेजाऱ्यांच्या संपर्कात आले. म्हणजे हा आकार नव्या सामानाचा नाही, जुन्या सामानाच्या नव्या मांडणीचा आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीररचनातज्ज्ञ कार्ल गेगेनबाउरने पर हे कल्ल्यांच्या कमानींपासून झाले असं म्हटलं होतं आणि पुढे ते मोडीत निघालं. स्केटच्या गर्भात कल्ल्यांच्या कमानीवरच्या काड्या ज्या जनुकाच्या इशाऱ्यावर वाढतात तेच जनुक आपल्या हातापायाला बोटं देतं, हे दिसल्यावर ती कल्पना निदान चर्चेत परतली. मला स्वतःला ती पूर्ण पटत नाही, पण तिला इतक्या वर्षांनी साक्षीदार मिळाला याचं कौतुक आहे.

२०२० मधला एक शोधनिबंध मी मात्र निव्वळ स्वार्थापोटी वाचला. माझ्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, आणि ती पुन्हा भरून येत नसते हे डॉक्टरांनी मला शांतपणे, चित्र काढून समजावलं आहे. सस्तन प्राण्यांत खरंच येत नाही. प्रौढ स्केटच्या परातल्या कूर्चेला मुद्दाम इजा केली तर मात्र ती नव्या कूर्चेनेच भरून निघते, कारण त्याच्या कूर्चेच्या बाहेरच्या आवरणात नवी कूर्चा तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर शिल्लक राहतात. वाढता वाढता राहिलेला प्राणी म्हणे!

ज्यांनी एवढं सोसलं त्यांना आपल्या जाळ्यांनी किती सोसायला लावलं, ते दोन उदाहरणांतून बघता येतं. जावा स्टिंगरी हा छोटा पाकट. त्याचा एकच नमुना विज्ञानाला माहीत आहे, १८६२ मध्ये आजच्या जकार्ताच्या मासळी बाजारातून घेतलेला. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो नष्ट झाल्याचं जाहीर केलं. माणसामुळे नामशेष झाल्याची अशी नोंद झालेला हा पहिला सागरी मासा. एखाद्या जीवाश्म प्रजातीबद्दल असतो तेवढाच पुरावा त्याच्या नावावर आहे.

दुसरा युरोपचा 'कॉमन' स्केट. तो आयरिश समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाल्याचं १९८१ मध्ये एका लेखाने दाखवलं. मोठा मासा, उशिरा वयात येणारा, वर्षाला मोजकी अंडी देणारा. कुठल्याही जाळ्यात सहज सापडणारा, कारण तो जन्मतःच रुंद. २००९-१० च्या सुमारास कळलं की १९२६ पासून एका नावाखाली दोन वेगळ्या प्रजाती मोजल्या जात होत्या. त्यांतली मोठी, दोन मीटरहून जास्त वाढणारी फ्लॅपर स्केट, सगळ्यात आधी उतरणीला लागलेली होती, आणि लहान प्रजातीच्या आकड्यांनी तिची घट झाकून ठेवली होती. आता दोन्ही अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. फ्लॅपरचं एक अंडं टाकीत ५३४ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. एवढा काळ कोष तळावरच्या दगडांच्या फटींत, न हलता, राहायला हवा. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ स्काय बेटाच्या बाजूला पाणबुड्यांना अशाच दगडांत तिच्या अंड्यांचे बरेच कोष सापडले, आणि २०२१ मध्ये रेड रॉक्स अँड लाँगे नावाने तो तळ तातडीने संरक्षित केला गेला. तळ खरवडणारी मासेमारी तिथे बंद झाली. हे संरक्षित क्षेत्र आधी तात्पुरतं होतं. नंतर ते कायम करण्यात आलं.